कॅथ लॅबमधली आपली वर्गमैत्रीण

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

इतक्या वर्षांनीसुद्धा मुलं एका बाजूला आणि मुली दुसऱ्या बाजूला अशाच बसलेल्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला 'तंत्रज्ञान आणि आपण' असा विषय दिला होता. मी इंजिनिअर, सॉफ्टवेअरमध्ये काम करते, तेव्हा मी मोबाइल आणि मुलं यावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. ते मी बोलणार नाही. मी बोलणार आहे ते आपल्याच वर्गातल्या एका मुलीच्या कामाबद्दल. ती समोरच बसली आहे. "तूच बोल ना," असं मी तिला म्हटलं, तर म्हणाली, "अगं, मी शाळेत कधी स्टेजवर गेले नाही, आता काय जाऊ? आणि माझं नाव घेऊ नकोस." म्हणून नाव घेत नाही. मुली ओळखतीलच.

ती कॅथ लॅब टेक्नॉलॉजिस्ट आहे. आपण ज्याला 'अँजिओ' म्हणतो ती जिथे होते ती खोली म्हणजे कॅथ लॅब. मनगटातून किंवा जांघेतून एक बारीक नळी रक्तवाहिनीत घालायची, ती हृदयापर्यंत न्यायची, डाय सोडून एक्स-रेवर रक्तवाहिन्या बघायच्या. अडथळा असेल तर फुगा फुगवायचा, स्टेंट बसवायचा. ही नळी बहुधा सहा फ्रेंचची, म्हणजे दोन मिलिमीटर जाडीची असते. बॉलपेनच्या रिफिलपेक्षाही बारीक.

माझा आणि तिचा संबंध पुन्हा आला तो कामातूनच. मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करते ते या खोलीत ईसीजी आणि हृदयातल्या दाबाच्या लहरी नोंदवतं. ते बसवायला, अडलं तर बघायला मी अनेक हॉस्पिटलांत गेले. काचेच्या अलीकडे कन्सोल रूम असते, तिथे टेक्नॉलॉजिस्टच्या शेजारी स्टूल टाकून तासन्‌तास बसले. अशाच एका ठिकाणी शेजारच्या खुर्चीवर ही निघाली.

विज्ञानाच्या सरांना आठवत असेल, नववीत त्यांनी पाऱ्याची नळी आणि पाण्याची नळी शेजारी ठेवून दाब शिकवला होता. सर, ते तिथे रोज लागतं. हृदयातला दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर रुग्णाच्या छातीच्या मध्याच्या पातळीला धरून शून्य करावा लागतो. तो दहा सेंटिमीटर खाली राहिला तर पडद्यावरचा आकडा सात-साडेसातने जास्त दिसतो. वरच्या १२० मध्ये सात मिसळले तर फारसं बिघडत नाही. पण फुप्फुसाच्या बाजूचा जो दाब बारापर्यंत असायला हवा, तो एकोणीस-वीस दिसला तर त्या माणसाचं हृदय कमजोर ठरतं, औषधं बदलतात. माझं सॉफ्टवेअर तो एकोणीसचा आकडा तितक्याच सुबकपणे छापतं. टेबल वर-खाली केल्यावर ट्रान्सड्यूसर पुन्हा पातळीत आणायला ही सांगते.

दुसरी गोष्ट याहून मोठी. नळीचं टोक हृदयाच्या रक्तवाहिनीच्या तोंडात घट्ट अडकलं तर आतला रक्तप्रवाह थांबतो आणि पडद्यावरची दाबाची लहर चपटी होते. तशात डाय सोडला तर हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकतात. डॉक्टरांचं लक्ष एक्स-रेच्या चित्रावर असतं. तेव्हा ही माइकवर दोनच शब्द बोलते, "सर, डॅम्प." डॉक्टर नळी थोडी मागे घेतात, लहर परत उभी राहते, काम पुढे चालू. पण नळीत हवेचा बुडबुडा आला किंवा कोणी तोटी अर्धवट फिरवली तरी लहर तशीच चपटी होते. आत्ताची चपटी कोणती, हे ती लहरीकडे आणि काचेतून डॉक्टरांच्या हाताकडे एकदम बघून ओळखते. मी कोड लिहिणारी आहे, आणि मला हे कोडमध्ये अजून नीट आणता आलेलं नाही. कोणाला आलेलं असेल असंही वाटत नाही.

तिने आजवर चार हॉस्पिटलांत काम केलं. बी.एस्सी. फिजिक्स करून मुंबईत एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात शिकली, मग पुणे, मग एक नवं हॉस्पिटल, आता जिल्ह्याच्या गावी. प्रत्येक ठिकाणी मशीन वेगळ्या कंपनीचं, पेडल वेगळं. मी विचारलं, नव्या जागी पहिल्या दिवशी काय करतेस? म्हणाली, "मशीनला हात लावत नाही. कपाटं उघडते." शॉक द्यायचं यंत्र कुठे, तात्पुरता पेसमेकर कुठे, रक्तवाहिनी फाटली तर लागणारा आवरणाचा स्टेंट कोणत्या खणात, हे ती आधी पाठ करते. ते लागेल तेव्हा शोधायला वेळ नसतो.

वापरलेल्या प्रत्येक स्टेंटचा स्टिकर रुग्णाच्या फाइलीत जातो, तो चिकटवून नोंद करायचं कामही तिचंच. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली, औषधी लेप असलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये. त्याआधीचे आणि नंतरचे आकडे तिने स्वतःच्या हाताने रजिस्टरात लिहिले आहेत. त्याबद्दल तिचं मत ऐकायचं असेल तर जेवताना विचारा, इथे सांगण्यासारखं नाही.

आता थोडं कडू. पाच-सात किलोचा शिशाचा अ‍ॅप्रन घालून ती टेबलाजवळही तासन्‌तास उभी राहते. पाठ गेलेली आहे. किरणांचा किती डोस मिळाला हे मोजायला छातीवर एक बिल्ला लावतात, तो दर तीन महिन्यांनी तपासणीला जातो. एका हॉस्पिटलात "बिल्ले ड्रॉवरमध्येच ठेवा, आकडा वाढला तर विचारणा होते," असं वरून सांगण्यात आलं. हिने बिल्ला लावणं सोडलं नाही, तिचा आकडा वाढला, विचारणा झाली. पुढच्या वर्षी तिचा करार वाढवला नाही. तेव्हा मुलगी चौथीत होती आणि घराचे हप्ते चालू होते. लग्न ठरतानाही "मुलगी किरणांत काम करते" म्हणून दोन स्थळं परत गेली होती, हे तर आपल्या काही मैत्रिणींना माहीत आहेच. खरं तर नियमाने काम केलं, अंतर राखलं, अ‍ॅप्रन घातला तर धोका खूप कमी होतो. अंतर दुप्पट केलं की किरण चौथ्या हिश्शावर येतात, हेही सरांनीच शिकवलंय. नियम पाळू न देणाऱ्यांचा धोका जास्त.

तिच्याकडून ऐकलेली एक जुनी हकिगत. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत घातली. वरिष्ठांनी मनाई केली होती. निर्जंतुक सामानाच्या किल्ल्या गेर्डा डिट्झेन या नर्सकडे होत्या. प्रयोग आपल्यावर होणार असं समजून ती टेबलावर झोपली, त्याने तिला बांधलं आणि नळी स्वतःत घातली. मग दोघं खाली एक्स-रेच्या खोलीत चालत गेली. १९५६ मध्ये फोर्समानला दोघांबरोबर नोबेल मिळालं. "नर्सचं नाव कुणाला आठवतं का?" असं ती प्रत्येक नव्या शिकाऊ मुलाला विचारते.

आपण सगळे आता चाळिशीपार आहोत, म्हणून एवढं सांगते. रात्री छातीत दाबल्यासारखं झालं, दरदरून घाम आला, जबड्यात किंवा हातात कळ गेली, तर सोडा पिऊन सकाळची वाट बघू नका. बायकांनो, तुम्हाला नुसती धाप आणि मळमळसुद्धा होऊ शकते, आणि आपण घरातलं आवरून मग जातो. हॉस्पिटलात पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी आणि नव्वद मिनिटांत बंद वाहिनी उघडणं, असं धोरण आहे. त्या नव्वदात हिचं घरून येणंही धरलेलं असतं. तिची स्कूटीची किल्ली रात्री उशीजवळ असते, टेबलावर नाही.

आजच्या मेळाव्यासाठी तिने ड्यूटी बदलून घेतली, त्या बदल्यात पाडव्याची रात्र तिच्या वाट्याला आली आहे. आणि एक निरोप तिने माझ्याकडून चार वेळा वदवून घेतला आहे: ती डॉक्टर नाही, तेव्हा जेवणाच्या पंगतीत कोणी तिला मोबाइलवर आपले रिपोर्ट दाखवू नयेत.