अमेरिकेंतील शेतकरी-कारागिरांचें बंड

(खेडेगांवांतील शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आज आम्ही आपणांस एका दूरच्या मुलुखाची हकीकत सांगणार आहोंत. अमेरिकेंतील वसाहतवाल्यांनीं इंग्रजांचें राज्य झुगारून दिलें, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत चार ओळींत आटोपते. चहा समुद्रांत बुडविला, वॉशिंग्टन सेनापति झाला, इंग्रज हरले, संपलें! पण सेनापति एकटा लढाई जिंकत नसतो. नांगर धरणाऱ्यांनीं, घण मारणाऱ्यांनीं व सूत काढणाऱ्या बायांनीं काय केलें, आणि शेवटीं त्यांच्या पदरांत काय पडलें, हें आपण पाहूं.

हे वसाहतवाले कोण? सन १६०७ त जेम्सटाउन येथें इंग्रजांनीं पहिली टिकाऊ वसाहत केली. पुढें अटलांटिक महासागराच्या कांठीं अशा तेरा वसाहती झाल्या. कोणी धर्माच्या जाचामुळें आला, कोणी पोटासाठीं, कोणी जमिनीच्या आशेनें. पुष्कळ गरिबांजवळ जहाजाचें भाडेंही नव्हतें. कांहीं वर्षें दुसऱ्याच्या घरीं गडी म्हणून राबूं, असें लिहून देऊन ते आले. प्रत्येक वसाहतींत निवडलेली सभा असे व कर बसविणें तिच्या हातीं असे. हें ध्यानांत ठेवा. सारें भांडण येथूनच निघालें.

सन १७६३ त इंग्रज व फ्रेंच यांचें सात वर्षांचें युद्ध संपलें. इंग्रज जिंकले खरे, पण डोक्यावर कर्जाचा डोंगर झाला. तो वसाहतींच्या खांद्यावर थोडा उतरावा म्हणून सन १७६५ त लंडनच्या पार्लमेंटानें स्टँपाचा कायदा केला. दस्तऐवज, वर्तमानपत्रें, फार काय, खेळण्याचे पत्तेसुद्धां सरकारी छापाशिवाय चालत ना, आणि त्या छापाचे पैसे पडत. मंडळी, रक्कम कांहीं फार मोठी नव्हती. मग एवढा संताप कां? कारण ज्या पार्लमेंटांत वसाहतींचा एकही माणूस बसत नव्हता, त्यानें त्यांच्या कसेंत हात घातला. खळ्यावरून न विचारतां कोणी शेरभर धान्य उचललें, तर भांडण शेरभर दाण्यांचें नसतें. तें हक्काचें असतें.

लोकांनीं विलायती माल घेणें बंद केलें. स्टँप विकणाऱ्या अंमलदारांना राजीनामे द्यावयास लाविलें. लंडनच्या व्यापाऱ्यांस झळ लागतांच १७६६ त कायदा रद्द झाला. पण १७६७ त कांच, शिसें, रंग, कागद व चहा यांवर जकात बसली. पुन्हां बहिष्कार! आतां बायकाही पुढें आल्या. चरखे घेऊन त्या एके ठिकाणीं जमत व दिवसभर सूत काढीत. घरचें जाडेंभरडें कापड अंगावर असणें हा मान झाला.

ता. ५ मार्च १७७० रोजीं बोस्टन शहरांत फौजेनें जमावावर गोळ्या झाडल्या. त्यांत पांच माणसें मेलीं. तीं कोण होतीं, हें पुस्तकांत क्वचितच सांगतात. क्रिस्पस ॲटक्स हा खलाशी होता. त्याचे पूर्वज आफ्रिकेचे व अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकीं. बाकीच्यांत एक दोर वळणारा, एक चामड्याचें काम करणारा आणि एक सतरा वर्षांचा शिकाऊ पोरगा होता. पहिलें रक्त सांडलें तें कष्टकऱ्यांचें.

त्या वर्षीं इतर जकाती उठल्या, चहावरची तेवढी राहिली. आपल्या देशावर स्वार झालेली ईस्ट इंडिया कंपनी तेव्हां दिवाळ्याच्या दारांत उभी होती, व तिच्या वखारींत चिनी चहाचे ढीग पडले होते. तिला सांवरण्यासाठीं १७७३ त पार्लमेंटानें अमेरिकेंत परभारें चहा विकण्याची सवलत दिली. चहा स्वस्त झाला, पण त्याबरोबर जकात गळ्यांत येणार होती व तेथील व्यापारी बसणार होता. लोकांनीं स्वस्ताईची भूल घेतली नाहीं. ता. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्रीं बोस्टनच्या बंदरांत ३४२ पेट्या चहा पाण्यांत गेला. त्या फोडणाऱ्यांत कारागीर व शिकाऊ पोरें पुष्कळ होतीं. जॉर्ज ह्यूज नांवाचा एक गरीब मोची त्यांतलाच.

सरकारनें १७७४ त बोस्टनचें बंदरच बंद केलें. एका गांवाची उपासमार झाली कीं बाकीचे भितील, असा हिशेब होता. तो चुकला. दूरदूरच्या वसाहतींनीं बोस्टनला तांदूळ व मेंढरें पाठविलीं. गांवोगांव मंडळ्या स्थापून लोक एकमेकांस पत्रें लिहीतच होते. सप्टेंबरांत बारा वसाहतींचे प्रतिनिधि फिलाडेल्फियास एकत्र बसले. पुढें ता. १९ एप्रिल १७७५ रोजीं फौज दारूगोळा जप्त करण्यास निघाली, तेव्हां आदल्या रात्रींच पॉल रिव्हिअर या चांदीच्या कारागिरानें व त्याच्या सोबत्यांनीं घोड्यावरून वर्दी दिली होती. लेक्सिंग्टन येथें पहिली गोळी सुटली, आणि परत फिरलेल्या फौजेवर शेतकऱ्यांनीं कुंपणांआडून बोस्टनपर्यंत मारा केला.

तरी राजाशीं नातें तोडावें, असें पुष्कळांच्या मनांत येत नव्हतें. ती भीड टॉमस पेन यानें मोडली. बायकांच्या कांचोळ्या शिवणाऱ्याचा हा मुलगा, स्वतः तेंच काम केलेला. जानेवारी १७७६ त त्यानें साध्या माणसाला कळेल अशा भाषेंत एक लहान पुस्तक लिहून राजेपणाचेंच सोंग उघडें पाडलें. जोतीराव फुले यांनीं तरुणपणीं ज्याचें ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलें, तोच हा पेन. ता. ४ जुलै १७७६ रोजीं स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. सर्व माणसें जन्मतः समान आहेत व सरकारची सत्ता रयतेच्या संमतीनें चालते, हें त्याचें सार.

युद्ध आठ वर्षें चाललें. १७७७-७८ च्या हिंवाळ्यांत व्हॅली फोर्जच्या छावणींत सुमारें दोन हजार शिपाई रोगराईनें मेले. १७७८ त फ्रान्स मदतीस आला. ता. १९ ऑक्टोबर १७८१ रोजीं यॉर्कटाउन येथें कॉर्नवॉलिसच्या फौजेनें शस्त्रें ठेविलीं. हाच कॉर्नवॉलिस १७८६ त हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होऊन आला व १७९३ त त्यानें बंगालची रयत जमीनदारांच्या हवालीं केली. १७८३ च्या तहानें अमेरिका स्वतंत्र झाली.

आतां हिशेब पाहूं. बंडाच्या वेळीं वसाहतींची वस्ती सुमारें पंचवीस लाख होती, व त्यांत सुमारें पांच लाख गुलाम होते. ज्या जेफर्सननें समतेचा जाहीरनामा लिहिला, त्याच्या शेतांवर शेंकडों गुलाम राबत. मूळ रहिवाशांच्या जमिनी तर नव्या राज्यांत अधिकच झपाट्यानें गेल्या. ॲबिगेल ॲडम्स या बाईनें आपल्या पुढारी नवऱ्यास लिहिलें होतें कीं, नवे कायदे करतांना बायकांना विसरूं नका. सर्व देशभर बायकांना मताचा हक्क मिळाला तो १९२० त.

आणि शेतकरी? मॅसॅच्युसेट्समध्यें त्याच्यावर भारी कर बसले, तेही रोख नाण्यांत. शिपायाला पगार मिळाला होता कागदाचा, आणि त्या कागदाला किंमत उरली नव्हती. सावकारांनीं दावे लाविले, शेतें गेलीं, माणसें कर्जापायीं तुरुंगांत पडलीं. तेव्हां डॅनियल शेज या शेतकऱ्यानें, जो युद्धांत कप्तान होता, १७८६ त सोबत्यांसह कोर्टें बंद पाडलीं. नव्या सरकारनें १७८७ त फौज धाडून त्यांना पांगविलें. कर कोण बसवितो, हा प्रश्न सुटला होता. तो कोणाच्या पाठीवर बसतो, हा प्रश्न तसाच राहिला होता.

बंधूंनो, यावरून तें बंड फुकट गेलें, असें आम्ही म्हणत नाहीं. समतेचा शब्द एकदां कागदावर आला, कीं ज्यांना तो नाकारला, तेच पुढें तो कागद हातीं धरून दार ठोठावतात. अमेरिकेंतील गुलामांनीं व त्यांच्या कैवाऱ्यांनीं तेंच केलें. पुढें चार वर्षें घरांतच युद्ध झालें व १८६५ त कायद्यानें गुलामगिरी संपली. इंग्रज गेल्यापासून बेड्या तुटेपर्यंत ब्यायशीं वर्षें लोटलीं! जोतीरावांनीं १८७३ त आपला ‘गुलामगिरी’ ग्रंथ अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केला, तो त्यांनीं राजा घालविला म्हणून नव्हे, तर गुलामांस मोकळें केलें म्हणून.

म्हणून स्वातंत्र्याची कोणतीही गोष्ट आपल्या मुलांना सांगतांना तारखेवर थांबूं नका. राज्य कोणाकडून घेतलें, एवढेंच शिकवूं नका. तें कोणाच्या घरापर्यंत पोहोंचलें आणि कोणाच्या उंबऱ्याशीं अडलें, हेंही त्यांना विचारावयास शिकवा.