पालमच्या वेशीवर स्वागत

माननीय अध्यक्ष, दूरदूरहून आलेले संशोधक आणि द्वारकेतील मराठी बंधुभगिनींनो,

दिल्लीच्या या द्वारकेत आपले मनःपूर्वक स्वागत. ही श्रीकृष्णाची नव्हे, दिल्ली विकास प्राधिकरणाने, म्हणजे डीडीएने, वसवलेली. आधीचे नाव पप्पनकलान. इथल्या सेक्टरांची क्रमवारी नवख्याला चकवते, हे सकाळी आपण अनुभवलेच.

पण भूमी जुनी आहे. शेजारच्या पालममध्ये उद्धर ठक्कुर नावाच्या गृहस्थाने वाटसरूंसाठी बावडी बांधली. तिचा १२७६ सालचा शिलालेख संस्कृतात, आणि त्यात स्तुती सुलतान बल्बनची! ठक्कुर मूळचा मुलतानकडच्या उचचा. बाहेरून येऊन दिल्लीत रुजलेला, आपल्यासारखाच. त्याचे नाव इथल्या एखाद्या चौकाला द्यावे, असे मी प्रत्येक सभेत सांगतो, आजही सांगितले. पुढे मुघल बादशहा शाह आलमचे राज्य जेमतेम पालमपर्यंत, अशी लोक चेष्टा करत. त्याच बादशहाला महादजी शिंद्यांनी १७७२ मध्ये दिल्लीत परत आणले. सेक्टर १२ मधली लोदीकालीन लोहारहेडी बावडी तरी पाहिल्याशिवाय कोणी परतू नये.

आता आपला विषय. केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांवर परिषद, हे ऐकून आमचे वर्गणीदार आधी हसले. मग कळले, या माशीच्या एकेका डोळ्यात साडेसातशेच्या आसपास नेत्रिका, प्रत्येकीत आठ प्रकाशग्राही पेशी. एक जनुक बिघडले की सातवी पेशी घडतच नाही आणि माशीची अतिनील प्रकाशाची ओढ जाते. जनुके आधी आराखडा आखतात, मग पेशी वस्तीला येतात. अगदी डीडीएसारखे, फक्त वेळेवर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकींनी १९६२ मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचे काम उभारले. पुढे सेमूर बेंझर यांच्यासह त्यांनी उष्णता वाढताच लुळ्या पडणाऱ्या माश्यांचे चेतातंतू तपासले. जन्म उत्तर प्रदेशातला, कर्मभूमी मुंबई. आम्ही नेमके उलटे. अधिक खोलात शिरत नाही, समोर जाणकार बसले आहेत.

व्यवस्थेतल्या उणिवा पोटात घालाव्यात. विमानतळ जवळ असल्याने वक्त्यांना मधूनमधून थांबावे लागेल. काहींना गरम पाणी मिळाले नाही, काहींची खोली चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, क्षमस्व. पिठले जमले आहे, भाकरीची हमी देत नाही. पाहुण्यांसाठी खोल्या उघडणाऱ्या गृहनिर्माण सोसायट्या, पिशव्या देणारे कापडव्यापारी, श्रीखंडाचा भार उचललेले मिठाईवाले, आणि नाव जाहीर करू नका म्हणून बजावलेले ते देणगीदार, जे पहिल्याच रांगेत बसले आहेत: सर्वांचे ऋण मानतो.

भोजनाची कुपने कृपया जपून ठेवा. कुपनाशिवाय केटरर वाढणार नाही, मलासुद्धा.