नाणी जमविताना

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत जबलपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. बी. ए.ला इतिहास हा विषय होता एवढेच. पुढचे आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत गेले. मात्र बदलीच्या प्रत्येक वेळी सामान बांधताना एक लहानशी पत्र्याची पेटी आम्ही कधी ट्रकमध्ये टाकली नाही. ती नेहमी आमच्या हातात राहिली. त्या पेटीत काय आहे, आणि ती चारचौघांत उघडावी असे आम्हांस का वाटते, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

या छंदाचा आरंभ एका चुकीने झाला. आमच्या आजीच्या देवघरात लक्ष्मीपूजनाचा एक डबा असे. त्यात राणीछाप रुपयांच्या जोडीला तांब्याचे एक जाड, काळपट नाणे होते. आजी त्यास ‘शिवराई’ म्हणे आणि पूजेत त्यावर हळदकुंकू वाहण्यापलीकडे त्याला हात लावू देत नसे. आजीच्या पश्चात ते आमच्याकडे आले. ते स्वच्छ दिसावे म्हणून आम्ही चिंच आणि मीठ लावून, वर राखेने घासून लख्ख केले. नाणे चकाकले खरे, परंतु ‘श्री राजा शिव’ या अक्षरांतील ‘शिव’ त्या घासण्यात पार पुसट झाले. तांब्यावर चढलेला काळपट थर हा मळ नसून नाण्याचे कवच असते, हे पुढे एका जाणत्या गृहस्थांनी सांगितले. तोवर आजीने जन्मभर सांभाळलेले अक्षर आम्ही एका दुपारी घालविले होते. ते नाणे आजही पेटीत सर्वांत वर ठेवलेले आहे, आणि ती चूक विसरू नये म्हणूनच ठेवले आहे.

शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. महाराजांच्या सोन्याच्या होनावर आणि तांब्याच्या शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी देवनागरी अक्षरे आहेत. चहूकडे फारसी अक्षरांची नाणी चालत असताना केलेला हा निर्धार होता. पुढे पेशवाईतही शिवराई त्याच नावाने पडत राहिली. ठिकठिकाणचे कारागीर आपापल्या परीने अक्षरे कोरीत; म्हणून कोठे ‘सिव’ दिसते, तर कोठे ‘छत्रपती’. रुपयाची गोष्ट मात्र निराळी. मराठ्यांच्या बहुतेक टांकसाळींतून निघणाऱ्या चांदीच्या रुपयावर दिल्लीच्या बादशहाचे नाव फारसीत असे, कारण सराफांचा आणि रयतेचा विश्वास त्या जुन्या छापावर होता. टांकसाळीची ओळख पटे ती एखाद्या चिन्हावरून; पुण्याच्या रुपयावर अंकुश असे, म्हणून तो अंकुशी रुपया. अशा रीतीने एकाच कसातील रुपया बादशहाचा आणि पैसा छत्रपतींचा, असा व्यवहार कित्येक वर्षे चालला.

आता या शहराकडे वळू. सहा वर्षांपूर्वी आम्ही बदलीवर येथे आलो, तेव्हा जुन्या नाण्यांचे शौकीन असलेल्या पाच-सहा जणांशी परिचय झाला. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कोणाच्या तरी घरी जमावयाचे, महिन्याभरात जे नवे मिळाले असेल ते मेजावर मांडावयाचे, आणि चहा थंड होईपर्यंत वाद घालावयाचा, असा शिरस्ता आहे. मंडळीत एक निवृत्त उर्दू शिक्षक आहेत, एक बंगाली रेल्वे अधिकारी आहेत, आणि सराफ्यातील एक तरुण व्यापारी आहे.

एका बैठकीस आम्ही चांदीचा एक जाडजूड रुपया नेला. आमच्या वहीत त्याची नोंद ‘मोगल, शाह आलम’ अशी होती, आणि असले रुपये आमच्याजवळ आणखीही होते. व्यापारी मित्राजवळच्या १८४० सालच्या एका सुरेख राणीछाप रुपयाशी त्याची अदलाबदल करण्याचे आमचे ठरलेही होते. शिक्षक महाशयांनी भिंग लावून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “साहब, यहाँ ‘गढ़ा’ लिखा है।” त्याआधीचे नाव मात्र नाण्याबाहेर गेलेले होते.

येथे थोडा खुलासा करावयास हवा. ही नाणी हातोड्याच्या घावाने पाडीत. ठशावर मजकूर पूर्ण असे, परंतु चांदीची चकती ठशाहून लहान असल्यामुळे मजकुराचा जेवढा भाग चकतीवर येईल तेवढाच उमटे. एका नाण्यावर गावाचे नाव, दुसऱ्यावर साल, तिसऱ्यावर बादशहाचे नाव, असा प्रकार. संपूर्ण मजकूर एकाच नाण्यावर सापडणे हा मोठा दुर्मीळ योग.

पुढल्या महिन्यात बंगाली मित्रांनी आपल्या संग्रहातील तसाच एक झिजलेला रुपया आणला. त्यावर ‘बालानगर’ स्पष्ट होते आणि ‘गढा’ जवळजवळ नव्हते. दोन्ही नाणी शेजारी ठेवली आणि नाव पुरे झाले : ‘बालानगर गढा’. मराठ्यांची टांकसाळ! सागरच्या रुपयावर ‘रविशनगर सागर’ आणि झाशीच्या रुपयावर ‘बलवंतनगर’ येते, त्याच कुळीतले हे नाव. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ साली सागरच्या मराठ्यांच्या हाती गेले, पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे आले, आणि १८१७ च्या युद्धानंतर इंग्रजांकडे. ज्या गढ्याचे नाव त्या रुपयावर होते तो गढा आज याच शहराचा एक भाग आहे. मदनमहालाला जाताना आपण सारे तेथून गेलो आहोत.

त्या क्षणी आमच्या व्यापारी मित्राने केले ते आम्ही विसरणार नाही. सौदा ठरलेला होता, शब्द आम्ही दिलेला होता. त्याने रुपया उचलून आमच्या हातात ठेवला आणि म्हणाला, “अब यह सौदा नहीं होगा। आपको मालूम नहीं था।” बंधुभगिनींनो, छंदाची खरी कमाई ती हीच. संग्रह कुलुपात ठेवला असता तर तो रुपया आमच्या अज्ञानात राहिला असता. आणि मित्र नुसता गिऱ्हाईक असता तर तो आमच्या हातून गेला असता.

अनुभवातून शिकलेल्या काही गोष्टी सांगतो. घरातील जुनी नाणी दिवाळीत घासू नका. पूजेस राणीछाप नवी दिसलीच पाहिजेत असे देवीने सांगितलेले नाही. नाणे कडेने धरावे, आणि मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त पिशव्यांत ठेवू नये. त्यांतून कालांतराने हिरवट चिकट थर चढतो. स्वस्तात शिवराई होन मिळत असेल तर तो बनावट समजून चालावे. ओतीव नाण्याची अक्षरे बोथट असतात, अंगावर बारीक छिद्रे दिसतात आणि कडेला सांध्याची रेघ सापडते. जमिनीत पुरलेले धन सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे हे पुरावशेष ठरते. परदेशी राहणाऱ्या मुलाच्या सामानात आजीचा रुपया आठवण म्हणून घालण्यापूर्वी याचा विचार करावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नाणे कोणाकडून, कोणत्या गावी आले ते लिहून ठेवा. ती चिठ्ठी हरवली की नाण्याचे अर्धे आयुष्य हरवते.

शेवटी मंडळाकडे एक विनंती. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी देवघरात, ट्रंकेत, आईच्या बटव्यात अशी नाणी असतील. वडीलधारी माणसे गेल्यावर ती मोडीत जातात आणि वितळतात. वर्षातून एक संध्याकाळ मंडळाने यासाठी द्यावी. प्रत्येकाने आपले एक नाणे आणावे, त्याची हकीगत सांगावी, आणि मुलांनी ती लिहून घ्यावी. कोणी काही विकावयाचे नाही, कोणी विकत घ्यावयाचे नाही.

आपण सारे ठिकठिकाणांहून येथे आलेली माणसे. प्रत्येकाजवळ घरच्या आठवणीचा एखादाच तुकडा उरलेला आहे. त्या रुपयाचे नाव वाचावयास दोन संग्रह लागले, आणि ते वाचणारे डोळे उर्दू शिक्षकाचे होते. आमची पेटी बाहेर मेजावर उघडी ठेवली आहे. आपण ती अवश्य पाहावी, आणि पुढल्या खेपेस आपलीही घेऊन यावी.