पंचगंगेचे ऋण

कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीच्या पाण्याचा तंटा शहर विरुद्ध खेडी असा रंगविला जातो. वारणेवरील योजनेस दानोळीकरांनी विरोध केला, तर दूधगंगेवरील सुळकूड योजनेस तेथील काठच्या शेतकऱ्यांनी. शेतकऱ्यांचे भय खोटे नाही आणि शहराची तहानही खोटी नाही. परंतु १९०४ साली पहिला यंत्रमाग जेथे आला, त्या या वस्त्रनगरीच्या उशाशी पंचगंगा वाहते, हे मात्र दोन्ही पक्ष विसरतात. कोल्हापूरचे सांडपाणी आणि कारखान्यांचे रसायनयुक्त पाणी यांनी ती नासली. २०१२ मध्ये शहरात काविळीची साथ आली, ती दूषित पाण्यामुळेच. नफा खाजगी राहिला, तोटा मात्र समाजाच्या माथी आला.

शहरातील खरी दुफळी येथे आहे. ऐपतदार पाणी विकत घेतो. यंत्रमाग कामगाराचे कुटुंब नळाची वाट पाहत बसते. दूरची नदी आणून जवळच्या नदीचे गटार तसेच ठेवणे, हा तोडगा नव्हे. ज्यांनी पंचगंगा नासविली, त्यांच्याकडूनच शुद्धीकरणाचा खर्च वसूल झाला पाहिजे. ते घडेल तेव्हाच शहराला काठच्या गावांकडे हक्काने पाणी मागता येईल.