विनोद दुआ : प्रश्न विचारणारा माणूस



तुमच्यापैकी अनेकांनी विनोद दुआंना यूट्यूबवर पाहिलं असेल. आम्ही त्यांना दूरदर्शनवर पाहिलं, तेही शेजाऱ्यांच्या घरी बसून.

फाळणीत डेरा इस्माईल खानहून दिल्लीला आलेलं कुटुंब. 1954 चा जन्म. 1974 मध्ये ते ‘युवा मंच’मधून टीव्हीवर आले. पण मला सांगायचंय 1985 च्या ‘जनवाणी’बद्दल. टीव्ही म्हणजे तेव्हा सरकारी दूरदर्शनच. त्यावर मंत्री बसलेत आणि साधी माणसं त्यांना थेट सवाल करतायत! दुआ आवाज चढवत नसत. साधी हिंदुस्तानी बोलत, आमच्या घरात आजीलाही समजायची. पुढे ‘जायका इंडिया का’मध्ये खाण्याच्या निमित्ताने ते देशभर फिरले. 2008 मध्ये पद्मश्री मिळाली.

आणि 2020 मध्ये राजद्रोहाचा गुन्हा. मार्चमधल्या एका यूट्यूब कार्यक्रमात त्यांनी केंद्र सरकारवर टीका केली होती. हिमाचलमधल्या एका भाजप नेत्याने तक्रार दिली. दुआ तेव्हा 66 वर्षांचे. सुप्रीम कोर्टाने आधी अटक रोखली, मग 3 जून 2021 ला गुन्हाच रद्द केला. न्यायमूर्ती उदय लळित आणि विनीत सरन यांनी सांगितलं की, 1962 च्या केदारनाथ सिंह निकालाचं संरक्षण प्रत्येक पत्रकाराला आहे. म्हणजे हिंसेला चिथावणी नसेल, तर सरकारवरची टीका राजद्रोह होत नाही.

दुआंची आणखी एक मागणी होती : दहा वर्षांचा अनुभव असलेल्या पत्रकारावर गुन्हा नोंदवण्याआधी समितीची मंजुरी घ्यावी. कोर्टाने ती नाकारली. मला ते बरंच वाटलं. नाहीतर तुमच्यासारख्या नवख्यांचं काय?

त्याच जूनमध्ये त्यांच्या पत्नी कोविडने गेल्या. डिसेंबरात दुआही गेले.

आता दुसरं नाव, सिद्दीक कप्पन. ऑक्टोबर 2020 मध्ये बातमीसाठी हाथरसला जाताना अटक, मग यूएपीए. सप्टेंबर 2022 मध्ये त्यांना जामीन दिला तो सरन्यायाधीश झालेल्या लळितांच्याच खंडपीठाने. तरी दुसऱ्या एका खटल्यामुळे सुटका लांबली, बाहेर यायला फेब्रुवारी 2023 उजाडला. कलमं वेगळी होती, मान्य. पण दुआंना अटक झाली नाही आणि कप्पन सुमारे 28 महिने आत राहिले. यातला फरक फक्त कलमांचा आहे का, यावर तुमच्याशी बोलायचंय.

दुआंच्या निकालातल्या महत्त्वाच्या भागाचं मराठी मी करून आणलंय. चहाच्या वेळी प्रती घेऊन जा.