हजार कागदी क्रौंच

बंगळूरच्या 'जपान हब्बा' उत्सवात ओरिगामी, म्हणजे कागदाच्या घड्यांची कलाही शिकवतात. या कलेतली सर्वांत लाडकी घडी म्हणजे क्रौंच पक्षी. एकच चौकोनी कागद. कात्री नको, डिंक नको. असे हजार पक्षी दोऱ्यात ओवले की इच्छा पूर्ण होते, अशी जपानी श्रद्धा.

ती जगभर पोचली हिरोशिमाच्या सादाको सासाकीमुळे. अणुबॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. पुढे रक्ताच्या कर्करोगाने अंथरूण धरल्यावर, कागद मिळेना म्हणून या पोरीने औषधांच्या वेष्टनांचेही क्रौंच केले! 25 ऑक्टोबर 1955 रोजी, अवघ्या 12व्या वर्षी ती गेली. तिचे हजार पुरे झाले नाहीत असं सांगतात, पण घरच्यांच्या मते ते हजाराहून जास्तच होते.

6 ऑगस्टला हिरोशिमा दिन असतो. त्या दिवशी घरातल्या मुलांसोबत एक तरी क्रौंच जरूर करा.