पाणी इथले, तलाव तिथला



मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे मध्य वैतरणा धरण उभे आहे. 2014 साली त्याचे लोकार्पण झाले. मुंबईला रोज 455 दशलक्ष लिटर पाणी पुरवावे, ही त्याची योजना. महानगराची तहान त्यावर भागते आणि तरणतलावही त्याच पाणीपुरवठ्यावर भरतात. त्याच तालुक्यातील पाड्यांवरच्या बाया मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. या विषमतेला आता विद्यापीठाच्या दारापर्यंत पोहोचणारी एक नवी बाजू जोडली गेली आहे.

शहरातील सुखवस्तू कुटुंबांत हल्ली एक स्वप्न रुजू लागले आहे. मुलगा वा मुलगी उत्तम पोहली तर अमेरिकेतील नामांकित विद्यापीठ तिला खेळाडू म्हणून बोलावून घेईल आणि शिक्षण फुकट होईल, असा हा हिशेब. तो अर्धाच खरा आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदी आठ आयव्ही विद्यापीठे खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. इतर विद्यापीठांतही, 2025 च्या तडजोडीपूर्वी, पहिल्या श्रेणीतील पुरुषांच्या संपूर्ण जलतरण संघाला 9.9 शिष्यवृत्त्यांचीच मर्यादा होती. पंचवीस-तीस जणांत ती रक्कम वाटली जाई.

मग खेळाने मिळते काय? मिळतो तो प्रवेश. हार्वर्डवरील खटल्यात न्यायालयापुढे आलेल्या आकडेवारीनुसार, प्रशिक्षकांनी निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे 86 टक्क्यांना प्रवेश मिळत होता. सर्व अर्जदारांत ते प्रमाण 10 टक्क्यांच्याही खाली होते. त्याच खटल्यात जून 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करणारी प्रवेशपद्धती रद्द केली; खेळाडूंचे दार मात्र उघडेच राहिले. त्या दाराची किंमत धनिकांना नेमकी ठाऊक आहे. मार्च 2019 मध्ये उघडकीस आलेल्या प्रवेश घोटाळ्यात एका पित्याने मुलाला घरच्याच तलावात उतरवून त्याची वॉटर पोलो खेळाडू म्हणून छायाचित्रे काढवली होती!

आणि तरीही या व्यवस्थेत एक विलक्षण गोष्ट आहे. 2025-26 पासून हार्वर्डने वार्षिक एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्यांचा सारा खर्च उचलण्याचे ठरवले. परदेशी विद्यार्थ्यांनाही तेथे गरजेनुसार मदत मिळते. म्हणजे मोखाड्याची एखादी वारली वा कातकरी मुलगी त्या दारापर्यंत पोहोचलीच, तर फी तिला अडवणार नाही. ती अडते ती कितीतरी आधी.

पोहणाऱ्याची निवड सेकंदाच्या शतांश भागावर होते. ती वेळ नोंदवायला मापाचा तलाव हवा, वर्षानुवर्षे रोजचा सराव हवा, प्रशिक्षक हवा, पोटभर अन्न हवे. वाघ नदीच्या डोहात पोरे निर्धास्त पोहतात. पण डोहातली वेळ कोणत्याही प्रशिक्षकाच्या वहीत चढत नाही. पावसाळा सरला की कुटुंबे वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलेही त्यांच्यामागे जातात. मग सराव कसला आणि शाळा तरी कसली? शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. धावण्याची सुरुवात डोंगरातल्या पायवाटेवरही होऊ शकते. पोहण्याच्या शर्यतीची सुरुवात मात्र बांधलेल्या तलावाशिवाय होत नाही आणि तो तलाव कोणीतरी बांधावा लागतो.

आदिवासी तरुण थोर विद्यापीठात पोहोचू शकतो, हे शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. मुंडा जमातीचे जयपाल सिंग ऑक्सफर्डला शिकले, तेथे हॉकी गाजवली आणि 1928 च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय संघाचे कर्णधार झाले. पुढे संविधान सभेत त्यांनी आदिवासींची बाजू मांडली. पण त्यांना विलायतेला पाठवले ते रांचीच्या एका मिशनरी मुख्याध्यापकाने. उपकारातून एक जयपाल सिंग घडला. उपकारातून पिढी घडत नसते.

स्वतंत्र भारताने त्या उपकाराचे हक्कात रूपांतर करायचे होते. प्रत्यक्षात केंद्र सरकारची अनुसूचित जमातींसाठीची परदेश शिष्यवृत्ती वर्षाला सबंध देशात अवघ्या 20 जणांना आहे. त्यांपैकी कातकऱ्यांसारख्या विशेष दुर्बल जमातींच्या वाट्याला 3 जागा येतात. शिवाय ती पदव्युत्तर आणि त्यापुढील शिक्षणासाठी आहे. बारावी झालेल्या मुलीला तिचा काय उपयोग?

कोणी म्हणेल, ज्या भागात 1992-93 साली वावर-वांगणीत बालके कुपोषणाने दगावली, तेथे तरणतलावाची भाषा ही चैन आहे. हा आक्षेप प्रामाणिक असला तरी घातक आहे. गरिबाने आधी भाकर मागावी आणि तलाव, ग्रंथालय, विद्यापीठ ही श्रीमंतांची मिरास राहू द्यावी, हा त्याचा अर्थ होतो. भाकरीचा लढा सोडायचा नाहीच; पण तो भाकरीपाशी थांबवायचाही नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी ग्रामसभांतून चार मागण्या लावून धराव्यात. स्थलांतराच्या हंगामात मुलांना गावीच ठेवणारी वसतिगृहे. प्रत्येक आश्रमशाळेत कायम नेमणुकीचा क्रीडाशिक्षक. जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांत मापाचा सार्वजनिक तलाव. आणि परदेश शिष्यवृत्तीत पदवी शिक्षणाचा समावेश. यांतून सर्वच मुले हार्वर्डला जाणार नाहीत, जाण्याची गरजही नाही. पण ज्या डोंगराने मुंबईला पाणी दिले, त्या डोंगराच्या लेकरांना त्या पाण्यात पोहण्याचा हक्क असलाच पाहिजे.